कोकणातल्या घराची दारं-खिडक्या पावसा-वाऱ्याला पुरी पडावीत म्हणून

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं, त्या दुपारी आम्ही दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात होतो. लॉकडाऊननं अडकवलेले. पश्चिमेच्या खोलीला मी वर्षभरापूर्वीच हौसेनं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या होत्या. काच फुटली नाही, कडी निघाली नाही. तरी खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी चढत गेलं आणि थोड्या वेळानं ते उकळत्या आधणासारखं बुडबुडायला लागलं. पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेल्या भोकांतून वारा आत घुसत होता, आणि पाण्याला घेऊन येत होता. फडकी पिळून पिळून पुसेपर्यंत गाद्या भिजल्या. शेजारच्या खोलीत आजोबांच्या वेळची फणसाच्या झडपांची खिडकी होती. तिच्याखाली फक्त हातभर ओला पट्टा.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मी घरातल्या नऊ खिडक्या आणि तीन दारं बदलली किंवा दुरुस्त केली. त्यातल्या दोन खिडक्या दोनदा. मी सुतार नाही, इंजिनिअरही नाही. पण गावचं घर नव्यानं बांधणारे किंवा मुंबई-पुण्याहून फोनवर काम करून घेणारे बरेच जण त्याच खड्ड्यात पडताना दिसतात, म्हणून हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपण सगळं लक्ष काचेवर आणि सेक्शनवर (खिडकीची चौकट ज्या पट्ट्यांची करतात त्यांवर) देतो, आणि बहुतेक वेळा पाणी येतं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीतून.

१. आधी एक पावसाळा नुसता बघा

घर उभं असेल तर काम काढायची घाई करू नका. जुलैमधल्या एखाद्या चार दिवसांच्या झडीत गावी जाऊन राहा. हातात खडू घ्या. भिंत कुठे ओलावते, कुठल्या कोपऱ्यातून ओघळ येतो, दार कुठे अडतं, तिथे खूण करा आणि फोटो काढा. पाणी खिडकीच्या खालून येतंय की वरच्या कोपऱ्यातून, यावर अख्खा उपाय बदलतो. वरून येत असेल तर दोष बहुतेक छज्ज्याचा किंवा स्लॅबचा असतो. खिडकी बदलून काही होत नाही. आमच्या मागच्या खोलीत मी हेच केलं. नवी खिडकी लावली आणि पाणी जुन्याच जागी.

दिशाही बघून ठेवा. आपला नेहमीचा पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून सगळे पश्चिम आणि दक्षिण बाजू जपतात. पण वादळ कुठून जातं त्यावर वारा ठरतो. निसर्ग आमच्या उत्तरेला किनाऱ्यावर चढलं, वारा पश्चिमेकडून आला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. त्या वेळी वारा दक्षिण-आग्नेयेकडून सुटला आणि ज्या दाराला कधी शिंतोडा लागला नव्हता त्याच्या उंबरठ्यावरून पाणी आत आलं. म्हणून एक बाजू भक्कम आणि बाकीच्या कशाही, असं करू नका.

२. कागद आणि हत्यारं

कागद फार लागत नाहीत, पण जे लागतात ते ऐन वेळी सापडत नाहीत.

– घरपट्टीची ताजी पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा.
– छज्जा वाढवणार असाल किंवा भिंतीत नवी खिडकी फोडणार असाल तर ग्रामपंचायतीला आधी विचारा. घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याच्या, हद्दीचंही विचारून घ्या.
– लाकडाची पावती. आपल्याच परड्यातला फणस किंवा साग तोडून चौकटी करायच्या असतील तरी परवानगी लागते. १९६४ च्या झाडं तोडण्याबाबतच्या कायद्यात साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही सगळी झाडं येतात. झाड आपलं आहे म्हणून करवत लावली आणि टेम्पो नाक्यावर अडला, असं होऊ देऊ नका.
– काम झाल्यावरचे फोटो आणि बिलं. वादळात नुकसान झालं तर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा आधीची स्थिती दाखवायला हेच उपयोगी पडतं. विमा असेल तर आणखीच.

तुमच्या स्वतःच्या पिशवीत काय हवं: पाच मीटरचा टेप, ओळंबा, पाणसळ, गुण्या, लोहचुंबक, बागेचा पाण्याचा पाइप आणि टॉर्च. कारागिराकडे हे सगळं असतंच, पण आपल्या हातात टेप दिसला की मापं अंदाजानं घेतली जात नाहीत. हा अनुभव आहे, टोमणा नाही.

३. वाऱ्याचा हिशोब एकदा कागदावर करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या डोक्यात प्रकाश इथेच पडला.

वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. उत्तर येतं पास्कलमध्ये: दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येणार ते. निसर्गच्या वेळी हवामान खात्यानं किनाऱ्यावरचा वारा ताशी १०० ते ११० किमी सांगितला होता. ११० किमी म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीस मीटर. वर्ग करून ०.६ नं गुणलं की ५६० पास्कल येतात. चार बाय चार फुटांच्या खिडकीवर हा भार ८० ते ८५ किलोंचा झाला. म्हणजे एक धडधाकट माणूस सतत खिडकीला टेकून ढकलतोय, आणि मधूनमधून धक्केही देतोय.

वेगाचा वर्ग होतो, हे विसरू नका. वारा दुप्पट झाला की दाब चौपट. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३) मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं, म्हणजे ताशी जवळपास १५८ किमी. याच सूत्रानं ते ११६० पास्कल होतात. निसर्गच्या दुप्पट.

आता माझ्या बुडबुडणाऱ्या खिडकीचं कोडं. १० पास्कल दाब १ मिलिमीटर उंच पाण्याला उचलून धरतो. ट्रॅकमधलं पाणी भोकांतून बाहेर तेव्हाच पडतं, जेव्हा आतल्या पाण्याची उंची बाहेरच्या वाऱ्याच्या दाबापेक्षा जास्त होते. नुसत्या ५५ किमीच्या वाऱ्यालाही १४ मिमी पाणी ट्रॅकमध्ये अडून राहतं. ८० किमीला ३० मिमी. वादळ ओसरल्यावर मी पट्टी लावून आमच्या ट्रॅकची आतली कड मोजली. २२ मिमी. म्हणजे खिडकी बिघडलेली नव्हतीच. ती आमच्या जागेसाठी नव्हती.

सरकती खिडकी घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: ‘आतली कड किती मिमी उंच आहे, आणि ही खिडकी किती पास्कलला पाण्यासाठी तपासलेली आहे?’ कपाळाला आठ्या पडल्या तर पुढच्या दुकानात जा.

४. कशाची करायची

लाकूड, ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी? तिन्हींनी चांगलं काम होतं आणि तिन्हींनी वाट लागते.

लाकूड. कोकणात सागवान, फणस, ऐन, किंजळ हे जुने भरवशाचे. आंब्याचं लाकूड स्वस्तात मिळतं, पण त्याला कीड लवकर धरते. चौकटीला वापरू नका. लाकूड कुठलंही असो, ते वाळलेलं हवं. ओलं लाकूड चौकटीत बसल्यावर वाळतं, पिळतं, आणि मग झडप एका कोपऱ्यात टेकते न् दुसऱ्यात बोटभर उघडी राहते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हल्ली वखारीत असतं; १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास आकडा यायला हवा. यंत्र नसेल तर आमच्या सुतारअण्णांची रीत: ताज्या कापलेल्या टोकावर तळहात ठेवायचा. गार लागला तर घ्यायचं नाही. रीत शास्त्रीय नसेल, पण त्यांनी बसवलेली दारं तीस वर्षं पिळलेली नाहीत.

लाकूड फुगतं ते आडवं. उभ्या रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणून रुंद सलग फळीची झडप पावसात अडते, आणि चौकटीत छोटे पॅनल मोकळे बसवलेली झडप अडत नाही. पॅनलला खाचेच्या आत फुगायला जागा असते. तिथे सुताराला फेव्हिकॉल लावू देऊ नका. पॅनल सुटंच राहायला हवं.

आणि हा सगळ्यात मोठा सापळा: झडपेची वरची आणि खालची कड. समोरून-मागून तीन-तीन हात रंग देतात आणि या दोन कडा कोऱ्या ठेवतात, कारण झडप बसवल्यावर तिथे ब्रश जात नाही. पाणी नेमकं लाकडाच्या कापलेल्या टोकांतूनच सर्वात जास्त शोषलं जातं. झडप टांगायच्या आधी सहाही बाजू रंगवून घ्या. रंगाऱ्याला सांगून भागत नाही, छोटा आरसा खाली धरून बघा. चौकटीची भिंतीकडची बाजूही अशीच विसरली जाते. तिला डांबराचे दोन हात द्या, ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात. आमच्याकडे जुनी माणसं त्यासाठी काजूच्या टरफलांचं तेल लावायची, होड्यांना लावतात तेच. चांगलं टिकतं, पण अंगाला लागलं तर कातडी भाजते. हातमोजे नसतील तर वाटेला जाऊ नका.

ॲल्युमिनियम. समुद्राजवळ साधं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी धरतं. पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉनचं मागा आणि ते बिलावर लिहून घ्या. ओला सिमेंटचा माल लागला तरी डाग पडतात, म्हणून प्लास्टर होईपर्यंत सेक्शनवरची फिल्म काढू देऊ नका. आणि ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू मारू देऊ नका. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की एक दुसऱ्याला खातो.

यूपीव्हीसी. गंजत नाही, फुगत नाही, कोपरे वितळवून जोडलेले असल्यामुळे तिथून पाणी येत नाही. पण हे प्लास्टिक आहे. त्याची ताकद आत घातलेल्या जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी पट्टीत असते. ही पट्टी काही ठिकाणी चक्क घालतच नाहीत. तुम्ही फ्रेमवर चुंबक फिरवा. सगळ्या बाजूंना चिकटलं तर ठीक, नाही तर माल परत.

बिजागऱ्या, कड्या, स्क्रू यांत काटकसर नको. पितळी किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. ३०४ चालतं, पण समुद्राच्या हवेत त्यावर चहाच्या डागासारखे तपकिरी डाग येतात. बाजारात २०२ ग्रेडही ‘स्टेनलेस’ म्हणूनच विकतात आणि चुंबकानं तो ओळखता येत नाही, म्हणून ग्रेड बिलावर हवाच.

५. कुठे उघडणार ते आधी ठरवा

वाऱ्याच्या बाजूला माझं मत स्पष्ट आहे: बाहेर उघडणारी झडप. बंद असताना वारा तिला चौकटीवर अजून दाबून बसवतो, रबरी पट्टी आवळली जाते. आत उघडणाऱ्या झडपेला वारा उघडायला बघतो, सगळा भार कडीवर. अर्थात बाहेरची झडप उघडी राहिली आणि वावटळ आली तर बिजागरीसकट उपटून नेते, म्हणून आकडा मजबूत हवा आणि घरात शेवटी झोपणाऱ्यानं फेरी मारायला हवी.

मोठ्या झडपेला एक कडी मधे, असं नको. वर, खाली आणि मधे अशा तीन ठिकाणी अडकणारं कुलूप घ्या. लाकडी खिडकीला वर-खाली दोन टॉवर बोल्ट, तेही सहा इंची. चौकटीत घुसणारी सळई बोटाच्या पेरापेक्षा कमी असेल तर ती शोभेची.

६. काच

साध्या काचेचे तुकडे सुरीसारखे होतात. टफन्ड काच त्याच जाडीच्या साध्या काचेच्या चौपट-पाचपट दणकट असते आणि फुटली तर खड्यांसारखी विखुरते; पण विखुरल्यावर खिडकीत भोकच उरतं. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमधे चिकट पापुद्रा असतो, ती तडकली तरी जागेवर राहते. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला परवडत असेल तर लॅमिनेटेड, नाहीतर ६ मिमी टफन्ड आणि बाहेरून लाकडी झडप. टफन्ड काच नंतर कापता येत नाही. माप चुकलं की काच गेली.

भोक उरण्याची भीती का, ते ऐका. वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी फुटली की वारा आत भरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. बाहेरून वारा त्याच छपराला वर ओढतच असतो. दोन्ही मिळून पत्रा किंवा कौलं उचलतात. ‘वादळात खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, दाब सारखा होतो’ असं सांगणारा प्रत्येक गावात एक असतो. त्याचं ऐकू नका.

७. बसवणी: पैसे इथे घाला

जांभ्याचा चिरा दिसायला देखणा, पण स्पंजासारखा. त्यात प्लास्टिकचा प्लग मारून फ्रेमचा स्क्रू आवळला तर पहिल्या वर्षी घट्ट, तिसऱ्या वर्षी हातानं हलतो. माझ्या दुसऱ्यांदा बदललेल्या दोन्ही खिडक्या अशाच निघाल्या. आता मी सांगतो: खिडकीच्या तोंडाभोवती चारही बाजूंनी तीन-चार इंचांचा काँक्रीटचा पट्टा आधी ओतून घ्या आणि फ्रेम त्यात लांब फास्टनरनं धरा. प्रत्येक कोपऱ्यापासून सहा-आठ इंचांवर एक, आणि मधे दर दीड फुटाला एक.

लाकडी चौकटीला होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) लागतात; दाराला दोन्ही बाजूंना तीन-तीन, खिडकीला दोन-दोन. गवंडी ते विटांच्या तुकड्यांत आणि उरलेल्या मालात दडपतो. तिथे उभं राहून काँक्रीटच भरून घ्या, आणि लोखंडाला आधी रेड ऑक्साइड.

क्रम असा ठेवा:

आधी पट्टा, मग प्लास्टर, मग प्लास्टर पिकल्यावर माप, मग ऑर्डर. फॅब्रिकेटर, म्हणजे खिडकी बनवणारा, नेहमी प्लास्टरच्या आधी माप घेऊन जातो, कारण त्याला पुढच्या गावात जायचं असतं. मग खिडकी येते आणि एका बाजूला दीड इंचाची फट. ती फट तो फोमनं भरतो, वर सिलिकॉन फिरवतो, चेक घेतो आणि जातो.

फ्रेम आत ठेवली की ओळंबा, पाणसळ, आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजा. कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्क्रू आवळू देऊ नका. भिंत आणि फ्रेम यांत चारी बाजूंना साधारण ५-६ मिमी जागा हवी. त्याहून कमी असेल तर सिलिकॉन आत जातच नाही, नुसतं वरून फासलं जातं.

पीयू फोम हा भरावा आहे, तो पाणी अडवत नाही. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो. फोम आत, त्यावर फोमची गोल दोरी, आणि बाहेरून सिलिकॉन. दोरीमुळे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना, फ्रेमला आणि भिंतीला, चिकटतं आणि रबरासारखं ताणलं जातं. तिसऱ्या बाजूला, मागे चिकटलं की फाटतं.

सिलिकॉनची नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती बाथरूमच्या काचेसाठी ठेवा. सिमेंटवर ते नीट धरत नाही आणि लोखंडाला गंज आणतं. खिडकीला ‘न्यूट्रल’ प्रकारचं, वेदर-ग्रेडचं सिलिकॉन. भिंत कोरडी हवी, धूळ ब्रशनं झाडलेली हवी. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. खरवडून काढायचं, हे शंभर वेळा सांगावं लागतं. आणि खालच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं सिलिकॉननं बुजवू नका. एका शेजाऱ्यांनी ‘इथून पाणी येतं’ म्हणून ती स्वतःच बंद केली होती. पुढच्या पावसात खिडकीचं तळं झालं.

८. छज्जा आणि खिडकीखालची फरशी

आजोबांची खिडकी का वाचली, याचं निम्मं उत्तर तिच्या झडपांत होतं आणि निम्मं पडवीत. पडवीचं छप्पर एवढं खाली उतरतं की आडवी झड खिडकीपर्यंत जेमतेम पोचते. शिवाय मे महिन्यात पडवीच्या पश्चिमेला नारळाचे विणलेले झाप बांधायचे. हल्ली झापांच्या जागी ताडपत्री आली. वारा तिला शिडासारखी फुगवतो न् खांब हलतो. झापातून थोडा वारा जातो, म्हणून ते टिकतात. मला यात जुनंच शहाणपण वाटतं.

पडवी नसेल तर छज्जा किमान दोन फूट आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट जास्त. त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन बोटं आत, एक खाच हवीच. नसेल तर पाणी काठावरून खाली पडण्याऐवजी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येतं. खिडकीखालच्या ग्रॅनाइट किंवा कडप्प्यालाही तेच: बाहेर उतार, भिंतीच्या पुढे दीड इंच, आणि खालून खाच. गवंडी फरशी हमखास पाणसळीला लावतो, कारण त्याला सरळ दिसायला हवी असते. त्याला म्हणावं, वर टाकलेली गोटी बाहेर पडली पाहिजे.

९. दार

मागच्या दाराला बाजारातलं साधं फ्लश डोअर (पापुद्रे चिकटवून केलेलं सपाट दार) लावलं आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे पुस्तकासारखे उघडले. बाहेरच्या दाराला एक तर भरीव लाकूड, नाही तर पाण्यात टिकणाऱ्या डिंकाचं फ्लश डोअर. प्लायवुड लागलं तर आयएस ७१० चं मरीन. न्हाणीघराला एफआरपी (फायबरचं) किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं), आणि चौकट ग्रॅनाइटची.

बिजागऱ्या पाच इंची, तीन नव्हे चार. उंबरठा ठेवा, फ्लॅटमधली सपाट जमीन गावात आणू नका. बाहेरची पायरी आतल्या जमिनीपेक्षा किमान इंचभर खाली. दाराच्या बाहेरच्या बाजूला तळाशी एक उतरती पट्टी ठोकली की दारावरून ओघळणारं पाणी उंबरठ्याच्या पुढे पडतं. चौकटीचे पाय मात्र जमिनीत पुरू नका. ते दगडावर टेकवा. वाळवी तिथूनच चढते.

आतून अडसर ठेवा. जुन्या घरांत दाराच्या मागे आडवं लाकूड भिंतीतल्या भोकांत सरकवतात ते. चोरासाठी होतं म्हणतात. निसर्गच्या दिवशी पुढच्या दाराचं कुलूप खडखडत होतं, आणि अडसर जागचा हलला नाही.

१०. पैसे देण्याआधी पाइप लावा

शेवटचा हप्ता हातात ठेवा. कारागीर समोर असतानाच बागेचा पाइप बाहेरून लावा. सुरुवात तळापासून: खालची फरशी, मग खालचा सांधा, मग बाजू, शेवटी वरची कड. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि आत कुठून आलं ते कळत नाही. आत एक जण टॉर्च घेऊन बसवा, ट्रॅकच्या कोपऱ्यांवर आणि स्क्रूंवर लक्ष. थेंब दिसला की तिथेच खडूची खूण.

‘साहेब, पाइपाचा पाऊस वेगळा, खरा पाऊस वेगळा,’ असं मला एका फॅब्रिकेटरनं ऐकवलं. बरोबरच बोलला तो. खरा पाऊस जास्त वाईट असतो.

११. आगोट, वादळ आणि नंतर

काम जानेवारी-फेब्रुवारीत संपवा. मे महिन्यात सुतार आणि गवंडी सगळ्यांनाच हवे असतात आणि मृग ७-८ जूनला लागतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांत, सुकवलेल्या मिरच्या-मसाल्यांसोबत, ही चार कामंही धरा: ट्रॅकमधली माती काढा, भोकांत बारीक तार फिरवा, बिजागऱ्यांना तेल द्या, सिलिकॉन कुठे सुटलंय का ते बोटानं दाबून बघा.

मोठ्या खिडक्यांसाठी १६ मिमी मरीन प्लायवुडच्या फळ्या आत्ताच कापून ठेवा. प्रत्येकीवर खिडकीचा नंबर, आणि भिंतीत बोल्टची जागा आधीच तयार. वादळाचा इशारा आल्यावर वीज जाते आणि ड्रिल चालत नाही. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काहीही मजबूत होत नाही.

वादळ गेल्यावर, अंगणातली झाडं उचलण्याच्या धांदलीत, एवढं विसरू नका: बिजागऱ्या, कड्या, ॲल्युमिनियमचे ट्रॅक गोड्या पाण्यानं धुवा. पावसासोबत समुद्राचं मीठ आलेलं असतं, आणि ऊन पडलं की ते कामाला लागतं.

आणि जुलैत दार अडायला लागलं की हात रंध्याकडे जातो. सुतारही लगेच यायला तयार असतो. मी एकदा त्या मोहात पडलो होतो. डिसेंबरात त्याच दाराच्या फटीतून मांजराचं पिल्लू आत यायचं. जुलैत फक्त अडणाऱ्या कडेवर खडू घासून ठेवा, म्हणजे नेमकी जागा कळते. रंधा मारायचा तो दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर, आणि मारलेल्या कडेला त्याच दिवशी रंग.